गाठ कुणी मारली होती?

एसएसबी म्हणजे सैन्यात अधिकारी निवडायची परीक्षा, तिच्याबद्दल नेटवर ढीगभर माहिती मिळते, कुठल्या दिवशी काय असतं, किती चित्रं, किती शब्द, किती मिनिटं, सगळं. मला ते सगळं परत लिहायचं नाहीये, थोडं लिहावं लागेल कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही, पण मला सांगायचंय ते दोरीच्या एका गाठीबद्दल, आणि नंतर नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका प्रेस मशीनवर जे घडलं त्याबद्दल. दोन्ही मिळून मला जे कळलं ते आधी नुसतं वहीत लिहिलेलं होतं.

आम्ही भगूरचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले. रिक्रूट म्हणून त्यांचं ट्रेनिंग इथेच, नाशिक रोड कॅम्पच्या आर्टिलरी सेंटरला झालं, मग वीस-बावीस वर्षं पंजाब, राजस्थान, जम्मू सगळीकडे फिरले आणि परत भगूरलाच आले. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी आहे त्यामुळे तोफांचा आवाज आम्हाला नवीन नाही, फायरिंग असलं की आमच्याकडे मांडणीवरची भांडी थरथरतात आणि आई हातातलं काम न थांबवता म्हणते आज मोठ्या तोफा काढलेल्या दिसतायत. अण्णांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, ते तोफेचंच देणं आहे. घरात टीव्ही कायम मोठ्याने.

२०१७ ला माझं बी.ई. मेकॅनिकल झालं आणि मी टीजीसीचा फॉर्म भरला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टीजीसी म्हणजे इंजिनिअर पोरांसाठी सैन्यात अधिकारी व्हायची एन्ट्री, लेखी परीक्षा नसते, डिग्रीच्या मार्कांवर शॉर्टलिस्ट करतात आणि डायरेक्ट एसएसबीचं कॉल लेटर येतं. मला भोपाळचं आलं. आणि मग मी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात गेलो. हे केंद्र राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं आहे, कॉल लेटर आलेल्या पोरांना दहा दिवस एसएसबीची तयारी करून घेतात, राहणं, जेवण, शिकवणं सगळं मोफत, त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आधी मुलाखत द्यावी लागते. खरं सांगतो, नाशिकच्याच कितीतरी पोरांना हे माहीत नसतं आणि ती बाहेर क्लासला हजारो रुपये भरतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तिथे आम्हाला शिकवायला एक रिटायर्ड अधिकारी होते. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर ते १५ गुण लिहिले, एसएसबीत जे बघतात ते. हे १५ गुण चार गटांत विभागलेले असतात. त्यांनी विचारलं, जबाबदारीची जाणीव कुठल्या गटात येत असेल? आम्ही सगळे ओरडलो धाडस, जिद्द आणि स्टॅमिनाच्या गटात. एकाने सांगितलं पुढाकार आणि ग्रुपवर प्रभाव पाडण्याच्या गटात. सर म्हणाले नाही. जबाबदारी असते सहकार्य आणि लोकांशी जुळवून घेणं या दोन गुणांच्या शेजारी. म्हणजे जबाबदारी हा शौर्याचा प्रकार नाहीये, माणसांत राहण्याचा प्रकार आहे, असं ते म्हणाले. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली लाल पेनाने रेघ मारली.

अजून दोन गोष्टी लिहून घेतल्या होत्या. एक म्हणजे डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीचं ते प्रसिद्ध वाक्य. १० डिसेंबर १९३२ ला अकॅडमीच्या उद्घाटनाला तेव्हाचे सरसेनापती चेटवुड यांनी भाषण केलं, त्यातलं. आधी देशाची सुरक्षा, मान आणि हित, नेहमी आणि प्रत्येक वेळी. मग तुझ्या हाताखालच्या माणसांचा मान, हित आणि सोय. आणि तुझा स्वतःचा आराम, सोय आणि सुरक्षा सगळ्यात शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. हे बहुतेकांना पाठ असतं, मलाही होतं.

दुसरी गोष्ट मी तोपर्यंत ऐकली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या हल्ल्याआधी, ५ जून १९४४ ला, दोस्त राष्ट्रांच्या सगळ्या फौजांचा प्रमुख असलेल्या आयझेनहॉवरने एक चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवली होती. हल्ला फसला तर जगाला काय सांगायचं ती चिठ्ठी. त्यात होतं की जवानांनी, विमानदलाने, नौदलाने शौर्य आणि कर्तव्य म्हणून जे शक्य होतं ते सगळं केलं, यात काही दोष असेल तर तो फक्त माझा एकट्याचा. माणूस इतक्या ताणात होता की तारीखसुद्धा चुकून ५ जुलै टाकली. सरांनी सांगितलं की मूळ कागदावर खाडाखोड आहे, आधी त्याने 'ही मोहीम' असं काहीतरी लिहिलं होतं, ते खोडून तिथे 'हल्ल्याचा माझा निर्णय' असं केलं. सर म्हणाले, पोरांनो, ती खाडाखोड बघा. मी तेही लिहून घेतलं. रेघ मारली.

मग भोपाळ. रात्री नाशिक रोडवरून गाडी, अण्णा स्टेशनवर सोडायला आले होते, बूट बघितले, लेस परत बांधायला लावली, बस एवढंच.

पहिल्या दिवशी स्क्रीनिंग. बुद्धिमत्ता चाचणी, मग एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग ग्रुपमध्ये प्रत्येकाने आपली गोष्ट सांगून सगळ्यांनी मिळून एक ठरवायची, ते ठरवणं म्हणजे मासळी बाजार असतो. संध्याकाळपर्यंत निवडलेल्यांचे चेस्ट नंबर, म्हणजे छातीवर लावलेले नंबर, वाचतात, बाकीचे तेव्हाच बॅगा उचलून घरी. मी राहिलो. दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या परीक्षा, १२ चित्रांच्या गोष्टी, ६० शब्द प्रत्येकी १५ सेकंद, ३० मिनिटांत ६० प्रसंग, आणि शेवटी स्वतःबद्दल लिहायचं, आई-वडील काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, तुला स्वतःबद्दल काय वाटतं. हात दुखून येतो. त्यावर जास्त लिहीत नाही.

माझा खरा विषय ग्राउंडवरचा आहे. जीटीओ म्हणजे ग्रुप टेस्टिंग ऑफिसर, त्यांच्यासोबत दोन दिवस. आठ-दहा जणांचा ग्रुप, समोर खांब, ओंडके, प्लॅटफॉर्म वगैरे अडथळे, आणि ते पार करायला बल्ली म्हणजे लांब लाकडी वासा, फट्टा म्हणजे फळी, आणि रस्सी. पांढऱ्या रंगाला हात-पाय लावता येतो, लाल रंगाला कशाचाच स्पर्श चालत नाही, जमीनही बाद, म्हणजे मधल्या जागेत खोल दरी आहे असं धरायचं. मी ठरवूनच गेलो होतो की लीडर दिसायचं. आवाज मोठा ठेवला, सगळ्यात आधी कल्पना सांगितली, बल्ली उचल, फट्टा इकडे दे, चेस्ट नंबर अमुक तू पुढे जा. मला वाटत होतं मी फाडतोय.

हाफ ग्रुप टास्कला ग्रुपचे दोन भाग करतात आणि सोबत एक लोड, म्हणजे ओझं असतं, ते सगळीकडे घेऊन जायचं. आम्ही बल्ली आणि फट्टा एकत्र बांधून पुढच्या प्लॅटफॉर्मपर्यंत पोचायचं ठरवलं, माझीच कल्पना होती, रस्सी मी घेतली, गाठ मी मारली. चार नंबरचा मुलगा, सोलापूरकडचा, लोड घेऊन त्यावरून निघाला. अर्ध्यात गेला आणि गाठ सरकली, फट्टा वाकडा झाला, त्याने तोल सावरायला हात सोडला आणि लोड खाली लाल भागात पडला. मी तेव्हा काय बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतंय. "चार नंबर, पकडून ठेवायचं होतं ना यार!"

जीटीओ काहीच बोलले नाहीत. मागे जा, परत सुरू करा, एवढंच. चार नंबर पण काही बोलला नाही, उतरला, लोड उचलला आणि परत सुरुवातीच्या रेषेवर जाऊन उभा राहिला. मीच रस्सी सोडून परत बांधली, घाईत.

नंतर कमांड टास्क झाला. त्यात एकेकाला कमांडर करतात आणि त्याने ग्रुपमधून आपले मदतनीस निवडायचे असतात. मला कमांडर केलं तेव्हा मी दोन दणकट पोरं निवडली. पण बाकी सगळ्यांच्या वेळेला मी लांब सावलीत बसून वाट बघत होतो माझा नंबर कोणी पुकारतंय का. मला एकदाही कोणी बोलावलं नाही. चार नंबरला मात्र प्रत्येकजण बोलावत होता, तो पळत यायचा, काम करून पळत जायचा, त्याचा शर्ट पाठीवर पूर्ण ओला झाला होता.

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स, सगळे अधिकारी युनिफॉर्ममध्ये, दोन-तीन साधे प्रश्न. मग निकाल. दोन चेस्ट नंबर वाचले. त्यात चार नंबरवाला होता. मी नव्हतो.

घरी आलो आणि अण्णांना सगळं सांगितलं, म्हटलं मी सगळ्यात जास्त बोललो, सगळ्या कल्पना माझ्या होत्या, त्या एका पोराने लोड पाडला नसता तर. अण्णा ओट्यावर बसून हरभरे सोलत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं,

"गाठ कुणी मारली होती?"

"मी."

"मग लोड कुणी पाडला?"

मी गप्प. ते पण गप्प. दहा-एक मिनिटांनी ते स्वतःहून बोलायला लागले, आणि अण्णा सर्व्हिसमधलं कधीच काही सांगत नाहीत, त्यामुळे मला ते जसंच्या तसं लक्षात आहे.

तोफेवर एक डिटॅचमेंट असते, अण्णांच्या १०५ मिलीमीटरच्या इंडियन फील्ड गनवर सहा जण. त्यांच्यावर एक हवालदार, त्याला नंबर वन म्हणतात. नंबर वन स्वतः दिशा लावत नाही, ते लेयरचं काम. गोळा भरणारा वेगळा. नंबर वनचं काम म्हणजे बघणं. तोफेची दिशा मोजतात मिलमध्ये, पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. एक मिल म्हणजे एक किलोमीटरवर एक मीटर. मग दहा किलोमीटरवर एक मिल चुकला की गोळा दहा मीटर सरकला, आणि लेयरने शंभर मिल चुकीचे लावले तर गोळा जवळपास एक किलोमीटर बाजूला जाऊन पडणार, आणि त्या तोफेचा पल्ला १७ किलोमीटर.

एकदा प्रॅक्टिस फायरिंगला अण्णांच्या गनवर नवीन लेयर होता, वीस वर्षांचा पोरगा, कोल्हापूरचा. त्याने नेमकं तेच केलं, शंभर मिलचा फरक. अण्णांनी बघितलं नाही, त्या वेळी ते दारूगोळ्याकडे बघत होते. गोळा सुटण्याआधी चेकिंग करणाऱ्या साहेबांनी पकडलं आणि 'स्टॉप' ओरडले. सगळी गन जागच्या जागी. साहेब आले, लाल झालेले, विचारलं कुणी लावलं हे? तो पोरगा थरथर कापत होता. अण्णा पुढे झाले, सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "मेरी गन है साब."

"म्हणजे तुम्ही त्याला वाचवलं," मी म्हटलं.

अण्णा जरा चिडलेच. "वाचवलं कसलं? मी खरं बोललो. तो चुकला कारण तो नवीन होता, मी चुकलो कारण मी नंबर वन असून बघितलं नाही. दोन चुका होत्या. साहेबांनी विचारली त्यातली मोठी कुठली होती ती सांगितली." मग हरभऱ्याची टरफलं गोळा करत म्हणाले, "त्या पोराला नंतर रात्री मी झापला, चांगला झापला. पण ते आमच्या तंबूत. साहेबांसमोर नाही."

त्यांना त्याची शिक्षा काय झाली ते मी विचारलं, त्यांनी सांगितलं नाही.

तरी मला ते पूर्ण उतरलं होतं असं म्हणणार नाही. गोष्ट म्हणून उतरलं होतं.

त्यानंतर अंबडला नोकरी लागली, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणारी कंपनी, प्रेस शॉपला शिफ्ट सुपरवायझर. पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या पळत चढायचो, पुढच्या एसएसबीसाठी, आणि तिथून डायरेक्ट फर्स्ट शिफ्टला. हाताखाली अकरा माणसं. त्यात एक काका होते, पन्नाशीचे, सिन्नर तालुक्यातले, चुंचाळ्याला भाड्याने राहायचे, अठरा वर्षं प्रेसवर काढलेली. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा आणि ते मला साहेब म्हणायचे, मला ते फार अवघड व्हायचं.

पॉवर प्रेसला दोन पुश-बटणं असतात, दोन हातांसाठी दोन. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो, कारण दोन्ही हात बटणावर म्हणजे डायमध्ये, पत्रा दाबणाऱ्या साच्यात, हात असूच शकत नाही. इतकी साधी आणि इतकी चांगली सोय आहे. पण दोन्ही हात बटणावर ठेवले की पार्ट ठेवायला, काढायला वेळ जातो. आमच्या एका जुन्या प्रेसला बटण दाबूनच राहिलं तर मशीन बंद पडावं अशी व्यवस्था नव्हती. काकांनी डाव्या बटणात आइस्क्रीमची लाकडी काडी खोचून ते दाबलेलं ठेवलं होतं. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने पार्ट. तासाला बरेच जास्त पीस निघायचे.

मी ती काडी मंगळवारी बघितली. डिस्पॅच अडकलेला होता, शुक्रवारी गाडी जायची होती, मॅनेजर दिवसातून चार वेळा फोन करत होते. मी बघितलं, काकांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी पुढच्या मशीनकडे गेलो. एवढंच झालं मंगळवारी. कुणीच काही बोललं नाही.

गुरुवारी सव्वाअकराला काकांच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर गेलं.

त्याचं वर्णन करत नाही. टॉवेल, बर्फ, रिक्षा, हॉस्पिटल. पेर पिशवीत बर्फात घालून नेलं होतं पण जोडता आलं नाही. रिक्षात काका मला सारखं एकच म्हणत होते, साहेब मशीन बंद केलं का, दुसरं कुणी बसेल.

दुसऱ्या दिवशी मला अपघाताचा रिपोर्ट लिहायचा होता. मला सांगण्यात आलं, ऑपरेटरने सेफ्टी बायपास केली असं लिही, तसंच झालंय ना, खोटं काय आहे त्यात. आणि खोटं नव्हतंच. मी लिहायला बसलो आणि पहिलं वाक्य लिहिलं, "डाव्या बाजूचे पुश-बटण ऑपरेटरकडून बायपास करण्यात आले होते." वाचलं. एकदम बरोबर मराठी, एकदम बरोबर माहिती. आणि मला ती चिठ्ठी आठवली, ती खाडाखोड. 'करण्यात आले होते'. या वाक्यात मी कुठे आहे? मंगळवार कुठे आहे?

मी ते खोडलं. खाली लिहिलं, "डाव्या बटणात काडी अडकवलेली मी मंगळवारी स्वतः बघितली होती. डिस्पॅचमुळे मी मशीन थांबवलं नाही." नाव, तारीख, सही. लिहिताना हात थंड पडला होता, हे मान्य करतो. नोकरी जाईल असंच वाटत होतं. गेली नाही, मेमो मिळाला, त्या वर्षीचं इन्क्रिमेंट गेलं, आणि काही लोक बरेच महिने माझ्याशी तुटक वागले कारण रिपोर्टमुळे वर प्रश्न गेले की जुन्या प्रेसला ती व्यवस्था का नाही. दोन महिन्यांनी ती बसवली. काकांना कामावरून काढलं नाही.

कुणी वाचून म्हणेल वा, छान केलंस. तसं नाहीये. छान मंगळवारी करायचं होतं. शुक्रवारी मी फक्त खरं लिहिलं. सैन्यातल्या गोष्टी ऐकून आपल्याला वाटतं की जबाबदारी म्हणजे शेवटी पुढे होऊन चूक कबूल करायची, त्यात एक रुबाब पण असतो, पण अण्णांचा मुद्दा तो नव्हताच, त्यांचा मुद्दा होता की नंबर वनने बघायचं असतं, गोळा सुटायच्या आधी. नंतरचं 'मेरी गन है' हे त्याच्यातलं उरलेलं असतं.

संध्याकाळी घरी सांगितलं. अण्णांनी पूर्ण ऐकलं आणि एकच विचारलं, "त्यांच्या घरी जाऊन आलास का?" नव्हतो गेलो. त्यांनी पायजम्यावर शर्ट चढवला, स्कूटर काढायला लावली आणि आम्ही भगूरवरून चुंचाळ्याला गेलो, वाटेत डझनभर केळी घेतली. एक खोली, काका कॉटवर, हाताला बँडेज. काकूंनी अण्णांना पाणी दिलं. मला दिलं नाही. अण्णांनी अर्धं पिऊन तांब्या माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं काका, माझी चूक झाली. काका म्हणाले नाही हो, काडी मीच घातली होती. मग जरा वेळाने म्हणाले, "पण साहेब, तुम्ही मंगळवारी बघितलं ना, तेव्हा नुसतं काका काढा म्हणाला असता तर मी काढली असती. मला वाटलं तुम्हाला चालतंय."

या वाक्यावर मी अजूनही अडकलेलो आहे. मी काही बोललो नव्हतो, पण त्यांनी माझी ऑर्डर ऐकली होती. मी गप्प बसून पुढे गेलो तीच ऑर्डर होती. सुपरवायझर, टीम लीडर, सेक्शन हेड, जो कोणी हे वाचतोय त्याला मला कळकळीने सांगायचंय, तुमच्या हाताखालची माणसं तुमचं बोलणं कमी आणि तुमची नजर जास्त ऐकतात, तुम्ही कशावरून नजर फिरवली हे त्यांना बरोबर कळतं आणि ते तसंच वागतात. सरांनी जबाबदारीला सहकार्याच्या शेजारी का बसवलं होतं ते मला त्या खोलीत कळलं, भोपाळच्या ग्राउंडवर नाही.

२०१९ ला परत टीजीसीचा कॉल आला, या वेळी प्रयागराज. स्क्रीनिंग, मानसशास्त्र सगळं तेच. इंटरव्ह्यूला विचारलं, आत्तापर्यंतची सगळ्यात मोठी चूक कुठली? मी काकांचं सांगितलं, मंगळवारपासून. अधिकाऱ्यांनी मध्ये अडवलं नाही. मग विचारलं, त्यांचं गाव कुठलं, घरी कोण कोण आहे, मुलं काय करतात, आता कुठल्या मशीनवर आहेत, तो हात आता कसा चालतो? मला सगळं सांगता आलं. मोठी मुलगी नर्सिंगला, धाकटा दहावीला, काका आता इन्स्पेक्शनला होते पण त्यांना परत प्रेसवर यायचं होतं. ते पाच-सहा प्रश्न झाल्यावर त्यांनी विषय बदलला.

ग्राउंडवर मी कमी बोललो, मुद्दाम नाही, लक्षच वेगळीकडे होतं. कुणीही गाठ मारली की ती पुरी व्हायच्या आत माझा हात तिकडे जायचा, ओढून बघायचो, ढिली वाटली तर ज्याने मारली त्यालाच म्हणायचो भाऊ अजून एक वेढा दे. एकदा ग्वाल्हेरचा एक मुलगा वैतागला, टाइम जा रहा है भाई. जात होताच. आमचा हाफ ग्रुप टास्क पूर्ण झाला नाही, एक अडथळा राहिला. पण लोड पडला नाही आणि माणूसही पडला नाही. कमांड टास्कला मला चार जणांनी बोलावलं. चौथ्या वेळी पळत जाताना मला भोपाळचा तो सोलापूरचा मुलगा आठवला, त्याचा तो ओला शर्ट.

निकालाला तीन नंबर वाचले, त्यात माझा होता. त्या क्षणाला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मग मेडिकल, मेडिकलला फिट. अण्णांना फोन केला तर ते फोनवर नुसतं "बरं, बरं, बरं" म्हणत राहिले आणि फोन आईकडे दिला.

यानंतर मेरिट लिस्ट लागते. एसएसबीत निवड आणि मेडिकल फिट असूनही मेरिटमध्ये नाव लागतंच असं नाही, देशभरातून जागा मोजक्या, त्यात मेकॅनिकलच्या अगदी थोड्या. लिस्ट रविवारी दुपारी मोबाईलवर उघडली. माझं नाव नव्हतं. वरून खाली तीनदा बघितलं. अण्णांनी मोबाईल मागितला, चष्मा लावला, त्यांनी पण वरून खाली बघितलं, बोटाने एकेक ओळ सरकवत, आणि मोबाईल उलटा करून कॉटवर ठेवला. (त्यानंतर अजून एकदा गेलो होतो, स्क्रीनिंगलाच परत आलो, मग वय संपलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.)

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. लांब रेंजवर फायरिंग चालू होतं, रविवार असून. मग अण्णा म्हणाले, "उद्या तुझी फर्स्ट ना? आईला डब्याचं सांगून ठेव."

सोमवारी साडेसहाला शॉप फ्लोअरवर होतो. काकांचा प्रेसवर परतीचा पहिला दिवस होता. लाईन चालू व्हायच्या आधी मी त्यांच्या मशीनजवळ गेलो, ते खाली वाकून बटणं पुसत होते. मेन स्विच टाकला, त्यांनी आधी एकटं उजवं बटण दाबून बघितलं, प्रेस हललं नाही. मग एकटं डावं, आखूड झालेल्या त्या बोटाने, आणि दाबून धरलं. मी मोजत होतो, एक, दोन, तीन. प्रेस हललं नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चालू द्या काका," आणि पुढच्या मशीनकडे गेलो.